लेस श्वाब टायर सेंटर्स

अमेरिकेच्या पश्चिम भागातील टायरविक्री व दुरुस्तीची दुकानसाखळी. संस्थापक लेस श्वाब (१९१७–२००७) यांचे बालपण ऑरेगन राज्यातील लाकूडतोड्यांच्या छावणीत गेले. पंधराव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपल्यावर ते वर्तमानपत्रे टाकून पोट भरू लागले आणि पुढे बेंड येथील दैनिकाच्या वितरण विभागाचे प्रमुख झाले. १९५२ मध्ये त्यांनी प्राइनव्हिल या छोट्या गावातले टायरचे एक दुकान विकत घेतले. तोवर त्यांनी पंक्चरही काढले नव्हते! तरीही पहिल्याच वर्षी दुकानाची विक्री ३२ हजार डॉलरवरून दीड लाखावर गेली.

पुढे या एका दुकानाची साखळी झाली; त्या वाढीचे खरे मर्म नफ्याच्या वाटणीत आहे. दुकानाच्या नफ्यातला निम्मा वाटा तिथल्याच कामगारांना मिळे आणि व्यवस्थापकही त्यांच्यातूनच निवडले जात. टायर बदलणाऱ्या पोऱ्यालाही दुकान आपले वाटावे, हा आग्रह त्या काळी दुर्मिळच होता. गाडी आवारात शिरताच तिच्याकडे धावत जाणे, पंक्चर मोफत काढून देणे आणि फेब्रुवारीच्या मंदीत टायरखरेदीवर गोमांस भेट देणे, ही या दुकानांची ओळख बनली.

श्वाब यांच्या निधनानंतर मुख्यालय बेंडला हलले. २०२० मध्ये कुटुंबाने कंपनी मेरिटेज ग्रुप या गुंतवणूक संस्थेला विकली, तेव्हा दुकाने सुमारे ५०० होती.