सुरगुजाच्या भिंती : जाळी आणि उठावचित्रे

छत्तीसगडच्या उत्तरेकडील सुरगुजा भागात मातीकामाने घर सजवण्याची जुनी रीत आहे. भाताची कापणी झाली, की पौष पौर्णिमेच्या छेरता सणाच्या सुमारास रजवार समाजातील स्त्रिया भिंती नव्याने लिंपतात आणि त्यांवर मातीची उठावाची नक्षी काढतात.

या कामातील खास भाग म्हणजे जाळी. बांबूच्या पातळ कांबी वाकवून कडी करतात, ती सुतळीने एकमेकांना बांधतात आणि त्यांवर भुसा मिसळलेल्या मातीचा लेप देतात. ओसरीत बसवलेल्या जाळीतून वारा खेळतो, ऊन मात्र गाळून येते.

पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांनी या रीतीला नवे वळण दिले. त्यांच्या घरात वर्तुळाकार जाळी, भिंतीवरील पट्ट्यांची नक्षी आणि पक्षी, प्राणी, माणसे यांच्या आकृती एकत्र नांदत. एका जाळीच्या कड्यांत पोपट बसलेला, तर शेजारच्या भिंतीवर बासरीवाला कृष्ण. सुरुवातीचे रंग हाताशी असलेल्या माती-वनस्पतींचे होते.

1982 मध्ये भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र सुरू झाले. तेथील चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने झालेल्या लोककलांच्या शोधात सोनाबाईंचे काम बाहेर आले. 1983 मध्ये त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. 2007 मध्ये त्यांचे निधन झाले. गावातील इतर कारागिरांनीही हे काम उचलले आणि एका घराची सजावट विक्रीची कला झाली.