क्रिस्तपुराणातला मोक्ष

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि पुढे साष्टीत रमला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापून निघाले. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवीचा.

साष्टीतली देवळे १५६७ सालीच पाडली गेली होती. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती विचारतो, आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा ग्रंथ म्हणजे त्याचेच उत्तर.

स्टीफन्सने शब्द घरचेच घेतले. स्वर्गाला वैकुंठ म्हटले, तारणाला मोक्ष. पण आपल्याकडे मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती श्रद्धेत फेराच नाही! जन्म एक, मरण एक आणि शेवटच्या दिवशी देहासकट उठणे. शब्द जुना, आतली आशा नवी. ज्याचे देऊळ गेले होते, त्याला निदान ओवी तरी ओळखीची वाटली असेल.

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. जुनी छापील प्रत आज एकही सापडत नाही. पुराण टिकले ते हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे. त्यांवरूनच १९०७ साली मंगळुरात ते पुन्हा छापले गेले.