झाडूचा वॉल्ट्झ

गावात नाच असला की दिवाणखान्याच्या मातीच्या जमिनीवर आधी पाणी शिंपडायचं, नाहीतर दुसऱ्याच नाचाला धुळीत माणूस दिसेनासा व्हायचा, असं अल्बुकर्कीतल्या आमच्या शेजारच्या आजी सांगत. त्यांचं माहेर न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडचं, डोंगरातलं. भिंतीलगतच्या बाकांवर बायका, दाराशी पुरुष, साथीला एक व्हायोलिन आणि एक गिटार. जागा अपुरी, म्हणून कुणी कधी नाचायचं ते ‘बास्तोनेरो’ ठरवायचा. ‘वाल्स दे ला एस्कोबा’ म्हणजे झाडूचा वॉल्ट्झ लागला की धमाल. एकटा पडलेला गडी झाडू कवेत घेऊन नाचे. त्याने झाडू टाकला की सगळ्यांनी जोडीदार बदलायचे. उरेल त्याच्या हाती झाडू. “आमचे हे झाडू नेमका माझ्यापुढेच टाकायचे,” हे सांगताना आजी लाजत.

पुढे शाळेत स्पॅनिश बोललं की छडी बसू लागली. 1943 पासून लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पाने आसपासच्या गावांतले हात पगारी कामाला ओढले. रेडिओ आला, ज्यूकबॉक्स आला. आजींच्या वडिलांचं व्हायोलिन खुंटीला लागलं.

त्याच सुमारास, 1941 मध्ये, जॉन डोनाल्ड रॉब हे न्यूयॉर्कची वकिली सोडून न्यू मेक्सिको विद्यापीठात संगीत शिकवायला आले. खेडोपाडी फिरून त्यांनी तीन हजारांहून जास्त गाणी आणि नाचांच्या चाली ध्वनिमुद्रित केल्या. तो ठेवा आजही विद्यापीठात आहे.

लोकसंगीतकार सिप्रियानो विहिल मात्र याच मातीतले. 1941 मध्ये चामिसाल गावी जन्मले. म्हाताऱ्या वादकांच्या चाली त्यांनी उचलल्या, वाद्यं बनवली, एस्पान्योलाच्या कॉलेजात मुलांना शिकवलं आणि 2014 मध्ये जमवलेल्या गाण्यांचं पुस्तक काढलं. लग्नात वधूवरांसाठी गायची ‘एन्त्रिएगा’ त्यांच्या विशेष जिव्हाळ्याची. आजींच्या नातीच्या लग्नात मी ती ऐकली. मंगलाष्टकांत गुंफतात तशी वधूवरांची नावं गुंफून गायकाने कडवी म्हटली, संसाराच्या चार गोष्टी सांगितल्या, आईवडिलांचे आणि पाद्रिनोंचे, म्हणजे लग्नातल्या मानाच्या जोडप्याचे, आभार मानले. आजी पुटपुटत साथ देत होत्या.

रॉब यांच्या फितींमुळे जुनी चाल पडताळून पाहता येते. पण पुढच्या लग्नात नव्या नावांची कडवी रचायला शिकलेला माणूसच लागतो, आणि तो घडवण्यात विहिल यांनी उभी हयात घातली. दोन्ही कामं मोलाची. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड.