काकांना व्हिसा कसा मिळाला होता?

आजचा प्रश्न प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावरचा. अनुभव शून्य, पण सॉफ्टवेअरची नोकरी परदेशातच हवी. त्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, “आमचे काका तर पास झाले आणि लगेच अमेरिकेला गेले!” गेले असतील. पण कसे, ते ऐका.

सुरुवात मुंबईतली. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ सुरू झालं. त्याच सुमारास टीसीएस अमेरिकेतल्या बरोज कंपनीबरोबर काम करायला लागली. तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर मोजकेच, आयात भयंकर महाग, आणि कोड पाठवायला इंटरनेट कुठलं? कोड जाऊ शकत नव्हता, म्हणून माणूस जायचा. क्लायंटच्या ऑफिसात बसून प्रोग्रॅम लिहायचा. याला पुढे ‘बॉडी शॉपिंग’ असं नाव पडलं. कानाला बरं लागत नाही, पण नेमकं आहे.

१९९० च्या अमेरिकन कायद्यातून एच-१बी व्हिसा आला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा घेऊन. गंमत बघा, या व्हिसासाठी साधारणपणे त्या कामाशी संबंधित पदवी लागते. पदवी असेल तर अनुभवाची वेगळी अट नाही. अनुभव मागते ती कंपनी!

मग आलं वाय-टू-के. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं, म्हणजे ९९ नंतर थेट ००. कोबोलच्या ढीगभर ओळी तपासायच्या, आणि डेडलाईन पुढे ढकलायची सोयच नाही. आपल्या कंपन्यांनी मेकॅनिकल, सिव्हिलच्या पोरांनाही काही महिन्यांत कोबोल शिकवून कामाला लावलं. १९९९ साठी व्हिसाची मर्यादा १,१५,००० झाली, २००१ साठी १,९५,०००. हाच तो काकांचा काळ. पण क्लायंट काकांना ओळखत नव्हता, त्यांच्या कंपनीला ओळखत होता. काका फ्रेशर होते, कंपनी नव्हती.

पुढे डॉटकॉमचा फुगा फुटला. २००४ पासून मर्यादा परत ६५,०००. तोवर इथल्या टेक्नॉलॉजी पार्कमधून कोडच परदेशी जायला लागला होता. माणूस कशाला पाठवायचा?

मग ओळख द्यायचं काम विद्यापीठांकडे गेलं. तिथून मास्टर्स करणाऱ्यांसाठी २०,००० जादा व्हिसा आहेत. टेक्निकल पदवीवाल्यांना आधी १२ आणि २०१६ च्या नियमानं आणखी २४ महिने तिथे काम करता येतं. फरक एवढाच की काकांचा खर्च कंपनीनं केला, तुमचा एज्युकेशन लोन करतं. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर फी लागली. फ्रेशरसाठी एवढे पैसे कोण मोजणार, सांगा! जर्मनीत २०२३ पासून नव्या पदवीधरांना ब्लू कार्डसाठी पगाराची अट कमी आहे, पण ऑफर लेटर आधी हातात हवं.

आणि ‘अनुभव दाखवून व्हिसा करून देतो’ म्हणत लाखो रुपये मागणारा एजंट भेटला तर? अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानं कंपनीवर एच-१बीची ट्रेनिंग फी लावली, आणि ती कामगाराकडून वसूल करायला बंदी घातली. एजंटला एवढंच विचारा, अर्जावर कंपनी कोणती?