मूल्यमापन, धोरणांचे : मराठवाड्यातील विद्यापीठीय संशोधन-भागीदारी

पाणी, माती, शेती व ग्रामविकास या क्षेत्रांतील सरकारी योजनांचा गावावर प्रत्यक्षात काय परिणाम झाला, याची तपासणी विद्यापीठे, अभियांत्रिकी महाविद्यालये व संशोधन संस्थांना सोबत घेऊन करण्याची पद्धत. सरकारी कागदपत्रांत तिला ‘त्रयस्थ मूल्यमापन’ म्हणतात. योजना राबवणाऱ्या खात्याने स्वतःच स्वतःला गुण देऊ नयेत, एवढाच तिचा मूळ हेतू. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्याचे विभागीय मुख्यालय आणि पाणीविषयक संस्थांचे शहर असल्यामुळे या पद्धतीचे यश आणि तिच्या मर्यादा येथे जवळून दिसतात.

जिल्ह्यात पावसाची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. पण एक वर्ष भरभरून आणि पुढची दोन कोरडी, असा त्याचा स्वभाव. जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण. या खडकात पाणी मुरमाच्या थरात आणि भेगांतच साठते, त्यामुळे एका बांधावरची विहीर मेपर्यंत टिकते आणि शेजारची डिसेंबरात तळ गाठते. अशा भूगोलात ‘गावाला फायदा झाला’ हे विधान मोजमापाविना केले, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही.

मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. आजचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ ते हेच. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांचे विभाग आणि गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाची ग्रामीण विकास व संशोधन संस्था विद्यापीठात आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘वाल्मी’, १९८० साली उभी राहिली. २०१७ मध्ये मृद व जलसंधारण आयुक्तालयही याच शहरात आले. योजना आखणारे, राबवणारे आणि तपासू शकणारे असे तिघेही एका शहरात असण्याचा योग राज्यात इतरत्र क्वचितच आहे.

वाल्मी हे विद्यापीठ नव्हे, तरी या परंपरेची सुरुवात तिच्यापासूनच धरावी लागते. धरण बांधून झाले तरी शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला पाणी का मिळत नाही, हा प्रश्न एकट्या अभियंत्याने सुटत नाही, हे ओळखून तेथे अभियांत्रिकी, कृषी आणि समाजशास्त्र यांचे अध्यापक एका छताखाली आणले गेले. पाटबंधारे खात्यातल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणे, आणि कालव्यावर जाऊन पाणीवाटपाचा अभ्यास करणे, अशी दोन्ही कामे संस्थेने केली. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा राज्याचा कायदा २००५ साली आला. त्या कायद्याखालच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांच्या प्रशिक्षणात वाल्मीचा वाटा मोठा आहे. पुढे अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि संशोधन मागे पडत गेले. मराठवाड्याचे हे नुकसान पैशात मोजता येणारे नाही.

मूल्यमापन कसे असावे याचा या भागातला सर्वांत बोलका दाखला शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात १९९६ ते २००२ या काळात, विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या पुढाकाराने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने, तेथे माथा ते पायथा पद्धतीने काम झाले : आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, सर्वांत शेवटी नाल्यातले बंधारे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१२ मध्ये गावाचा आढावा घेतला. १९९६ साली सरासरी ४० हजार रुपये असलेले कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २०१२ पर्यंत ३ लाख २१ हजारांवर गेल्याचे त्यात दिसले. मधल्या काळातली महागाई वजा केली तरी ही वाढ मोठीच ठरते. पण त्या आकड्याहूनही मोलाच्या दोन गोष्टी आहेत. काम सुरू होण्याआधीची स्थिती नोंदलेली होती, आणि तपासणी काम संपून दहा वर्षे उलटल्यावर झाली. बहुतेक सरकारी मूल्यमापनांत या दोन्ही गोष्टी नसतात.

याच्या उलट बाजूचा धडा जलयुक्त शिवार अभियानाने दिला. डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने हे अभियान राज्यभर सुरू झाले. ‘सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ हे त्याचे ब्रीद, आणि दरवर्षी ५ हजार गावे हे लक्ष्य. नाला खोलीकरण व रुंदीकरण, गाळ काढणे, सिमेंट नाला बांध, जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती अशी अनेक खात्यांची कामे एका नावाखाली आली. पोकलेन आणि जेसीबी गावोगावी फिरू लागले. आक्षेपही लवकरच आले. याच शहरातले अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. माथ्याकडचे उपचार सोडून नाल्यांची अशास्त्रीय खोदाई चालली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मुरमाचा थर कापून खडकापर्यंत नाला खणला, तर आजूबाजूच्या शिवारात मुरलेले पाणी त्या चरात उतरून वाहून जाऊ शकते, ही त्यामागची काळजी. न्यायालयाच्या निर्देशानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

सप्टेंबर २०२० मध्ये या अभियानावरचा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा, अहवाल विधिमंडळात मांडला गेला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण होणे आणि भूजलपातळी वाढणे या दोन्ही उद्दिष्टांवर फारसा परिणाम झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यासाठी सहा जिल्ह्यांतली १२० गावे तपासली होती. मराठवाड्यातला बीड त्यांत होता. या अहवालावरून राजकीय वाद खूप झाला, आणि त्या गोंगाटात खरा शास्त्रीय प्रश्न बाजूला पडला. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही वर्षे दुष्काळाची, २०१६ चांगल्या पावसाचे, २०१८ पुन्हा तुटीचे. २०१५ ची विहीर २०१६ च्या विहिरीशी ताडून पाहिली तर कोणतीही योजना यशस्वी दिसेल. २०१६ ची २०१८ शी ताडली तर कोणतीही फसलेली दिसेल. योजनेचा परिणाम पावसापासून वेगळा काढायचा, तर त्याच पावसाची, त्याच खडकाची, पण काम न झालेली गावे सोबत मोजावी लागतात. लेखापरीक्षकाचे काम खर्चाचा हिशेब तपासण्याचे. ही तुलना संशोधकाने करायची असते आणि तीही योजनेच्या पहिल्या दिवसापासून.

या कामात महाविद्यालयांना आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न म्हणजे उन्नत महाराष्ट्र अभियान. उच्च व तंत्रशिक्षण विभागाने जानेवारी २०१६ मध्ये ते सुरू केले. त्यामागे मुंबई आयआयटीतील ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र आणि प्रा. मिलिंद सोहोनी यांचा विचार होता. आपल्या जिल्ह्यातले पाणी, रस्ते, एसटी, चुली हाच अभियांत्रिकीचा अभ्यासविषय व्हावा, आणि जिल्हा प्रशासनाने त्या अभ्यासाचे मोल द्यावे, ही त्याची भूमिका. जलयुक्तच्या कामांची त्रयस्थ तपासणी अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे सोपवली गेली ती यातूनच. केंद्राचे उन्नत भारत अभियानही (२०१४) संस्थांना पाच-पाच गावे दत्तक घ्यायला सांगते, पण दत्तक घेणे आणि मोजणे यांत फरक आहे.

प्रत्यक्ष तपासणी अशी चालते. विद्यार्थ्यांचा गट मोजमाप पुस्तिकेची प्रत घेऊन नाल्यावर जातो. सिमेंट बांधाची लांबी, उंची, पायाची रुंदी टेपने मोजून नोंदीशी ताडतो. बांधाखालून पाणी झिरपते का, बाजूची माती खचली आहे का, मागे गाळ किती साचला आहे, हे पाहतो. बहुतेक अहवाल येथेच संपतात आणि ‘काम समाधानकारक’ असा शेरा पडतो. चांगला गट येथून पुढे निघतो. बांधापासून दोन्ही काठांवरच्या विहिरी धरून तो अंतर मोजतो, विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी घेतो आणि शेतकऱ्याला नेमका प्रश्न विचारतो : मार्चमध्ये मोटार किती वेळ चालते, आणि बंद केल्यावर विहीर परत भरायला किती वेळ लागतो? हे उत्तर शेतकऱ्याला तोंडपाठ असते, कारण त्याचे पीक त्यावर उभे असते. अशा पंधरा-वीस विहिरींची उत्तरे नकाशावर मांडली की बहुधा दिसते ते असे : नाल्याला लागून असलेल्या विहिरींना लाभ, आणि चढावरच्या कोरडवाहू शिवाराला जवळपास काहीच नाही. ‘गाव जलयुक्त झाले’ या एका ओळीत ही विषमता दडून जाते. भूमिहीन कुटुंबे आणि पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका तर त्या ओळीत येतच नाहीत.

यापुढचे पाऊल नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त, पडले. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांत तो राबवला गेला. छत्रपती संभाजीनगर त्यांपैकी एक. मुंबई आयआयटीने सामंजस्य करारानुसार या प्रकल्पासाठी पाण्याच्या ताळेबंदाचे गणित बसवले. पडलेल्या पावसातले किती वाहून गेले, किती मातीच्या ओलीत राहिले, किती खाली मुरले आणि पिकाला किती कमी पडले, हे मातीची खोली, उतार व पीक पाहून काढले जाते. पूर्वीचे ताळेबंद सबंध गावाला एकच आकडा देत. येथे गावातले वेगवेगळे पट्टे स्वतंत्र दिसू लागले. धोरण आखतानाच संशोधक सोबत असला तर काय साधते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शेततळ्यांच्या बाबतीत मात्र संशोधन धोरणाच्या मागे राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, ५० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची. शेततळे मुळात पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी. अनेक ठिकाणी त्याला प्लास्टिकचे अस्तर घातले गेले आणि विहिरीतून, बोअरमधून उपसलेले पाणी त्यात साठवले जाऊ लागले. जमिनीखालचे सामाईक पाणी एकाच्या तळ्यात उघड्यावर आले आणि त्यातले काही उन्हात उडूनही जाऊ लागले. द्राक्ष-डाळिंबाची बाग वाचवायला शेतकऱ्याने हे केले, त्यात त्याचा दोष नाही. दोष किती तळी झाली एवढेच मोजणाऱ्या पद्धतीचा आहे. म्हणूनच शेततळ्यांवर बागा जगवणाऱ्या कडवंचीसारख्या गावांचा पुढचा आढावा भूजल धरूनच घ्यायला हवा.

जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या वादात मात्र अभ्यासाचा निर्णयावर थेट परिणाम झाला. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अभ्यासगटाने २०१३ मध्ये गोदावरी खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटपाचे सूत्र मांडले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा हिशेब त्यावरून ठरतो. राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यावर आदेश दिला. नगर-नाशिककरांना ते सूत्र मान्य नसले, तरी भांडणाला आकड्यांचा आधार आला.

या भागीदारीचे दुखणे पैशाचे कमी आणि अटींचे जास्त आहे. जिल्हा वार्षिक योजनेत मूल्यमापनासाठी लहानशी तरतूद असते. पण तपासणीचे पत्र काम संपल्यावर निघते, मुदत आठवड्यांची असते, तपासणारा आणि तपासला जाणारा यांचे देयक एकाच टेबलावरून जाते, आणि तयार अहवाल कार्यालयाच्या कपाटात पडून राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी हा या प्रदेशाचा मोठा ठेवा आहे. त्या नोंदी गावाच्या पातळीवर, सहज वाचता येतील अशा रूपात महाविद्यालयांच्या हाती दिल्या, तर पायाभूत स्थितीच्या पाहणीचे निम्मे काम आजच होईल. जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे आणि पोकराचाही. या टप्प्यांतल्या प्रत्येक गावाची कामाआधीची विहीरपातळी नोंदवून, त्रयस्थ अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवणे जिल्हा प्रशासनाने बंधनकारक करावे.