मैत्रीकराराची भाषा

राजनैतिक करार आपण सहसा कलमांची रूक्ष यादी म्हणून वाचतो. तेच संहिता म्हणून वाचले, तर लिहिणाऱ्याची अडचण शब्दाशब्दांतून डोकावू लागते. १९०२ ते १९२३ या काळातील ब्रिटन-जपान मैत्रीकराराचे बदलते मसुदे या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत.

३० जानेवारी १९०२ च्या पहिल्या कराराचा रोख रशियाकडे होता. १९०५ च्या नूतनीकरणात त्याची व्याप्ती हिंदुस्थानापर्यंत वाढली. हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणाचा ब्रिटनचा हक्क जपानने मान्य केला आणि कोरियावरील जपानचे वर्चस्व ब्रिटनने. एकाच कागदावर दोन देशांची देवघेव झाली. तेथील लोकांना विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

रशियाच्या पराभवानंतर पॅसिफिकमध्ये जपान आणि अमेरिका यांची स्पर्धा वाढली. ब्रिटनला तर दोघेही हवे होते. १९११ च्या कराराचे चौथे कलम या पेचातून जन्मले: ज्या राष्ट्राशी सर्वसाधारण लवादाचा करार झालेला असेल, त्याच्याविरुद्ध लढण्याचे बंधन राहणार नाही. कलमात अमेरिकेचे नाव नाही, पण रोख कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते. गंमत अशी की, अमेरिकेशी सह्या झालेला लवादाचा करार तिथल्या सिनेटने कापून टाकला आणि तो अमलात आलाच नाही.

१९२१ च्या साम्राज्य परिषदेत कॅनडाचे पंतप्रधान मीघन यांनी नूतनीकरणाला विरोध केला, तर ऑस्ट्रेलियाचे ह्यूज यांनी त्याचा आग्रह धरला. एकाला सीमेपलीकडची अमेरिका दिसत होती, दुसऱ्याला समुद्रापलीकडचा जपान. वॉशिंग्टन परिषदेत बाल्फोर यांच्या शिष्टमंडळाने मधली वाट स्वीकारली. फ्रान्सलाही सोबत घेऊन १३ डिसेंबर १९२१ रोजी चौराष्ट्र करार झाला. जुन्या करारात साहाय्याचे वचन होते. नव्यात उरली ती सल्लामसलत. कोणीही दुखावू नये म्हणून योजलेल्या या भाषेने कोणालाच बांधून घेतले नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये जुना करार संपुष्टात आला.

तो टिकला असता तर पुढचे युद्ध टळले असते, असे म्हणणे धाडसाचे आहे. जपानच्या विस्तारवादाला इतरही कारणे होती. मात्र १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, तेव्हा जपानला शरण गेलेल्यांत हजारो हिंदी सैनिक होते. ज्यांच्या सरहद्दीचा हवाला देऊन १९०५ चा मसुदा सजला होता, त्यांच्याच वाट्याला त्या मैत्रीच्या शेवटाचा हिशेब आला.