पोटाची चरबी, मंद दाह आणि मधुमेह: यांचा संबंध काय?

'डॉक्टर, माझं वजन तर फार नाही, मग शुगर कशी वाढली?' हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. काहींच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर ग्रेड १' असते, ट्रायग्लिसराइड वाढलेले असते, रक्तदाबही थोडा वर असतो. प्रत्येक गोष्ट थोडीथोडीच बिघडलेली असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण अनेकदा या सगळ्यांच्या मुळाशी एकच बिघाड असतो. चरबी साठवण्याची योग्य जागा अपुरी पडते आणि त्यातून शरीरात मंद दाह सुरू होतो.

चरबीचे नेहमीचे काम

त्वचेखालची चरबी हे शरीराचे कोठार आहे. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन वाढते. त्या इशाऱ्याने मेदपेशी रक्तातील चरबी आत घेतात आणि आतली चरबी बाहेर सोडणे थांबवतात. उपाशी असताना इन्शुलिन कमी होते, तेव्हा साठवलेली चरबी फॅटी अ‍ॅसिडच्या रूपात बाहेर येते आणि स्नायू व हृदय तिचा इंधन म्हणून वापर करतात.

मेदपेशी संप्रेरकेही तयार करतात. १९९४ मध्ये शोध लागलेले लेप्टिन शरीरात किती साठा आहे हे मेंदूला कळवते. अ‍ॅडिपोनेक्टिन इन्शुलिनचे काम सोपे करते आणि दाह आटोक्यात ठेवते. पोटाची चरबी वाढली की नेमके हेच अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होते.

मंद दाह म्हणजे काय?

बोटाला काटा लागला की ती जागा लाल होते, सुजते, दुखते. हा तीव्र दाह. जंतूंशी लढणे आणि जखम भरून काढणे हे त्याचे काम, आणि ते झाले की तो शमतो. मंद दाहात ताप नसतो, दुखत नाही, काही जाणवतही नाही. मात्र तो वर्षानुवर्षे चालू राहतो.

कोठार भरून वाहू लागते तेव्हा

गरजेपेक्षा जास्त खाणे चालू राहिले की मेदपेशी फुगत जातात. त्यांना प्राणवायू कमी पडतो आणि काही पेशी मरतात. त्यांचा निचरा करायला मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी तेथे गोळा होतात. लठ्ठपणात चरबीमध्ये या पेशींची संख्या वाढते, हे २००३ मध्ये दाखवले गेले. या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी दाह वाढवणारी रसायने सोडतात.

या रसायनांमुळे मेदपेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मग जेवणानंतरही त्या चरबी बाहेर सोडत राहतात. ही जास्तीची चरबी जिथे साठायला नको तिथे, म्हणजे यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात जाऊन बसते. तेथेही इन्शुलिनचे काम बिघडते. अशा रीतीने चरबी दाह वाढवते आणि दाह चरबीचे गणित आणखी बिघडवतो.

आतड्यांभोवतीची चरबी अधिक त्रासदायक ठरते, कारण तिच्यातून निघणारे रक्त थेट यकृताकडे जाते. चरबीने भरलेले यकृत रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड सोडते. इन्शुलिनचा इशारा न जुमानता ते साखर तयार करत राहते, म्हणून सकाळची उपाशीपोटीची शुगर वाढते. यासोबत चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी होते आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते. म्हणूनच फॅटी लिव्हर असलेल्या व्यक्तीला यकृताइतकीच हृदयाचीही काळजी घ्यावी लागते.

बारीक माणसालाही हे का होते?

कोठार किती मोठे आहे हे प्रत्येकाचे वेगळे असते. आपल्याकडे अनेकांमध्ये ते लवकर भरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षे काम केले आहे. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो प्रसिद्ध झाला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. म्हणजे वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून फार वेगळी असू शकतात. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, ही ठेवण आपल्या घरांत सर्रास दिसते. ती 'खात्यापित्या घरची' खूण समजून सोडून देऊ नये.

घरी काय तपासावे?

शिंप्याकडे असते तशी टेप घ्या. उभे राहा, श्वास सहज सोडा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध टेप लावा. पँटचा नंबर हे कमरेचे खरे माप नव्हे.

पुढील पाचपैकी तीन किंवा जास्त गोष्टी असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात:

- कंबर: पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी किंवा जास्त
- ट्रायग्लिसराइड: १५० किंवा जास्त
- एचडीएल: पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी
- रक्तदाब: १३०/८५ किंवा जास्त
- उपाशीपोटीची शुगर: १०० किंवा जास्त

यांपैकी एखाद्या गोष्टीसाठी औषध चालू असेल तर तीही मोजावी. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली पट्टे दिसत असतील तर तो मळ नसतो. घासून ते जात नाहीत. बहुतेक वेळा ती इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते.

एचएस-सीआरपी या रक्तचाचणीत दाहाचा अंदाज येतो. पण सर्दी, दाताचा जंतुसंसर्ग अशा कारणांनीही ती वाढते. प्रत्येकाने ती करून घेण्याची गरज नाही.

दाह कमी करण्याची गोळी मिळेल का?

१९९३ मध्ये प्रयोगप्राण्यांमध्ये टीएनएफ-अल्फा रोखल्यावर इन्शुलिन अधिक चांगले काम करू लागले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण मधुमेही माणसांमध्ये टीएनएफ रोखून तसा फायदा दिसला नाही. सध्या तरी मूळ कारणावर, म्हणजे जास्तीच्या चरबीवर, उपाय करणेच हिताचे आहे.

या दाहासाठी वेदनाशामक गोळ्या कधीही घेऊ नका. त्यांनी मूत्रपिंड आणि जठराला इजा होऊ शकते. भाजी-आमटीतली हळद जरूर खा, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्यांमुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाली आहे.

खरा उपयोग कशाचा?

वजन जास्त असेल तर पाच टक्के घटवल्यानेही यकृतातील चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के घटल्यास यकृताचा दाहही कमी होतो. ८० किलोच्या व्यक्तीसाठी हे साधारण सहा ते आठ किलो झाले. ते सावकाश, काही महिन्यांत करावे.

- साखरेचा चहा, थंड पेये, पाकिटातला ज्यूस, बिस्किटे आणि फरसाण कमी करा. जास्तीच्या साखरेपासून यकृत चरबी बनवते.
- ताटात भात-पोळी थोडी कमी करून उसळ, डाळ, भाजी, ताक वाढवा. मासे खात असाल तर बांगडा, तारली चांगले, पण तळलेले नकोत.
- वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळा.
- आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चाला. शिवाय दोन दिवस उठाबशा, वजन उचलणे असे स्नायूंचे व्यायाम करा. बारीक पण पोट सुटलेल्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण रक्तातली साखर सर्वाधिक वापरणारी जागा म्हणजे स्नायू.
- तंबाखू, मिश्री आणि दारू बंद करा. झोप पुरेशी घ्या.

वजन लगेच उतरले नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातील चरबी कमी होऊ शकते. म्हणून काटा हलला नाही तरी व्यायाम सोडू नका, महिन्यातून एकदा कंबर मोजा.

डॉक्टरांना कधी भेटावे?

वरील पाचपैकी तीन गोष्टी असतील, मधुमेह असेल किंवा फॅटी लिव्हरचा रिपोर्ट असेल, तर डॉक्टरांना भेटा. वय, यकृताच्या दोन तपासण्या आणि प्लेटलेट यांवरून यकृतात व्रण तयार होत आहेत का, याचा प्राथमिक अंदाज घेता येतो. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर उशीर करू नका, कारण ते आणखी वाढल्यास स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊ शकते. छातीत दुखणे, दम लागणे, कावीळ किंवा पोटात असह्य दुखणे असेल तर त्वरित रुग्णालयात जा.

चालू असलेली शुगर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलची औषधे आहार सुधारला म्हणून स्वतःहून बंद करू नका. वजन कमी होत असताना डोस बदलावा लागू शकतो, तो डॉक्टर ठरवतील. घरात एकाला हा त्रास असेल तर इतरांचीही कंबर मोजून घ्या, तरुण मुलांची देखील. ताट आणि सवयी सगळ्यांच्या सारख्याच असतात, आणि या टप्प्यावर लक्ष दिले तर पुढचा मधुमेह अनेकदा टाळता येतो.